‘ळ’ न शिकलेले यंत्र

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही एक प्रकल्प मांडला आहे अशी कल्पना करा. टेबलावर संगणक आहे, त्याला एक कॅमेरा जोडलेला आहे. कोणीही यावे, कागदावर देवनागरी अक्षर लिहावे आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरावा, की पडद्यावर तेच अक्षर छापील रूपात उमटते. ‘क’ दाखवला की ‘क’, ‘म’ दाखवला की ‘म’. पाहुणे खूश, बाई खूश, तुम्हीही खूश. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘अचूकता ९८ टक्के’.

एवढ्यात एक आजोबा येतात. त्यांचे आडनाव काळे. ‘बघू या, माझ्या नावातले अक्षर ओळखते का तुमचे यंत्र,’ असे म्हणून ते खिशातले पेन काढतात आणि चांगला ठसठशीत ‘ळ’ लिहितात. पडद्यावर भलतेच अक्षर उमटते. आजोबा पुन्हा लिहितात, अधिक वळणदार. पुन्हा भलतेच. यंत्र अडखळत नाही की घोटाळत नाही. क्षणात उत्तर देते आणि ते साफ चुकीचे असते.

यंत्र बिघडले काय? मुळीच नाही. जे शिकवले तेवढेच ते करीत होते.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यामागची गोष्ट खरी आहे. २०१५ साली नेपाळमधील संशोधकांनी हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात ३६ व्यंजने व ० ते ९ हे दहा अंक, अशी ४६ चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाचे २,००० नमुने, म्हणजे एकूण ९२,००० चित्रे झाली. हा संग्रह कोणालाही विनामूल्य मिळतो, त्यामुळे देवनागरी अक्षरे ओळखणारे यंत्र बनवू पाहणारे विद्यार्थी साहजिकच त्याच्याकडे वळतात. संशोधकांनी प्रत्येक चिन्हाचे १,७०० नमुने संगणकाला शिकवण्यासाठी वापरले आणि उरलेल्या ३०० नमुन्यांवर त्याची परीक्षा घेतली. संगणकाला ९८.४७ टक्के गुण मिळाले!

आता ती ३६ व्यंजने बोटांवर मोजा बरे. ‘क’पासून ‘म’पर्यंत पंचवीस. य, र, ल, व, श, ष, स, ह ही आठ. क्ष, त्र, ज्ञ ही तीन. झाली छत्तीस. ‘ळ’ कोठे आहे?

तो नाहीच. नेपाळी भाषेच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, म्हणून त्या संग्रहातही नाही. यात नेपाळच्या संशोधकांचा काडीचाही दोष नाही. त्यांनी आपल्या भाषेचे काम उत्तम केले. पण तोच संग्रह घेऊन जर कोणी पुण्यात किंवा नागपुरात मराठी वाचणारे यंत्र बनवले, तर त्या यंत्राला ‘शाळा’, ‘फळा’, ‘बाळ’, ‘केळे’ यांतला एकही शब्द कधीच धड वाचता येणार नाही. आणि गंमत अशी, की परीक्षेतल्या ९८ टक्क्यांवरून हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. कारण परीक्षाही त्याच संग्रहातून घेतलेली! गाइडातले प्रश्न पाठ करून घ्यायचे आणि पेपरातही तेच प्रश्न घालायचे, तसाच हा प्रकार झाला.

यंत्र शिकते म्हणजे काय करते?

संगणकाकडून काम करून घेण्याची जुनी रीत म्हणजे त्याला एकेक नियम सांगणे. पण ‘ग’ ओळखायचा नियम सांगून पाहा. ‘एक उभी रेघ, तिच्या डावीकडे आकडा...’ आणि मग घाईत लिहिलेला, तिरका, शाईने फुटलेला ‘ग’ समोर आला की तुमचा नियम कोलमडतो. म्हणून नवी रीत अशी, की नियम सांगायचेच नाहीत. हजारो उदाहरणे दाखवायची आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर सांगायचे. वर सांगितलेल्या संग्रहातले प्रत्येक चित्र ३२ ओळी आणि ३२ स्तंभ यांत मांडलेल्या १,०२४ ठिपक्यांचे असते. कोणता ठिपका किती काळा, किती पांढरा, हे आकड्यांत लिहिले की अक्षर म्हणजे १,०२४ आकड्यांची एक यादी होते. संगणक या आकड्यांना निरनिराळ्या ‘वजनांनी’ गुणतो, बेरजा करतो आणि एक उत्तर काढतो. उत्तर चुकले तर ती वजने किंचित बदलतो. असे लाखो वेळा झाले, की वजने अशी काही जुळून येतात की बहुतेक उत्तरे बरोबर येऊ लागतात. यालाच आपण यंत्राचे ‘शिकणे’ म्हणतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या बऱ्याचशा करामती याच पायावर उभ्या आहेत.

शेवटी काय होते ते नीट पाहा. यंत्रापुढे जणू ४६ खणांची एक मांडणी असते. समोरचे चित्र प्रत्येक खणाशी किती जुळते याचे त्याने गुण द्यायचे आणि ज्या खणाला सर्वांत जास्त गुण, ते उत्तर. सत्तेचाळिसावा खण नाही. ‘मला हे अक्षर माहीत नाही’ असे म्हणण्याची सोयच नाही, कारण ती आपण करून दिलेली नाही. पहिलीतले पोरदेखील अनोळखी अक्षर पाहून ‘हे काय?’ म्हणून विचारते. आपले यंत्र विचारीत नाही, ते ठोकून देते.

तुम्ही म्हणाल, एक अक्षर चुकले तर एवढे काय बिघडले? प्रदर्शनात काहीच बिघडत नाही, फार तर आजोबा हसून पुढे जातील. पण हेच यंत्र एखाद्या कचेरीत अर्ज वाचायला बसवले आहे असे समजा. जोशी, पवार, देशमुख यांचे अर्ज सुरळीत पुढे जातील. कांबळे, साळवी, माळी, कोळी, काळे यांचे मात्र दर वेळी अडकतील. दोन टक्के चूक म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी चूक, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पावसासारखी सर्वांवर पडत नाही. गळक्या कौलासारखी एकाच घरात ठिबकत राहते. कोणत्या घरात, हे शोधायचे की टाळायचे, हा प्रश्न गणिताचा उरत नाही. तो नीतीचा होतो.

पांढरा मुखवटा

असाच एक प्रश्न एका विद्यार्थिनीला वर्गातल्या प्रकल्पात सापडला आणि पुढे तो जगभर गाजला. जॉय बुओलाम्विनी ही घानाई वंशाची तरुणी अमेरिकेतील एम.आय.टी.च्या मीडिया लॅबमध्ये शिकत होती. २०१५ च्या सुमारास तिने एका तासासाठी एक गमतीदार आरसा बनवायला घेतला. आरशात पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसरेच एखादे चित्र बेतून बसावे, उदाहरणार्थ सिंहाचे, अशी ती कल्पना होती. त्यासाठी आधी चेहरा कोठे आहे हे संगणकाला कळले पाहिजे. तिने तयार मिळणारा चेहरा शोधणारा प्रोग्राम वापरला. त्याला तिचा सावळा चेहरा दिसेचना! तिने पांढरा मुखवटा चढवला आणि लगेच त्याला ‘चेहरा’ सापडला.

दुसरी कोणी असती तर तिने दिवा जवळ ओढला असता, कसाबसा प्रकल्प पुरा केला असता आणि गुण घेऊन मोकळी झाली असती. आपण बहुतेक जण तेच करतो. जॉयने तसे केले नाही. हे असे का होते आणि कोणाकोणाच्या बाबतीत होते, हे मोजायचे तिने ठरवले.

मोजायचे तर नमुने हवेत. तिने रवांडा, सेनेगल व दक्षिण आफ्रिका हे आफ्रिकेतील तीन देश आणि आइसलंड, फिनलंड व स्वीडन हे युरोपातील तीन देश निवडले आणि त्यांच्या संसदसदस्यांची १,२७० छायाचित्रे जमवली. लोकप्रतिनिधींची छायाचित्रे उघडपणे उपलब्ध असतात, आणि या देशांच्या संसदांत स्त्रियांची संख्याही बरीच असते. प्रत्येक छायाचित्रासमोर स्त्री की पुरुष आणि वर्ण उजळ की गडद, याची नोंद केली. वर्ण ठरवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती सहा पायऱ्यांची मोजपट्टी घेतली. मग तिम्नित गेब्रू या संशोधिकेबरोबर तिने आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि फेस प्लस प्लस या तीन कंपन्यांच्या प्रणालींना एकच साधा प्रश्न विचारला : ही व्यक्ती स्त्री आहे की पुरुष?

२०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरवर पाहता तिन्ही प्रणाली हुशार ठरल्या. एकूण अचूकता ८७.९, ९०.० आणि ९३.७ टक्के. पण हेच आकडे गटवार फोडल्यावर वेगळे चित्र दिसले. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत सर्वांत वाईट प्रणालीचीही चूक ०.८ टक्के होती. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत पोचली, म्हणजे तिघींमागे एकीला यंत्राने पुरुष ठरवले!

एकूण टक्केवारी एवढे कसे लपवू शकते, हे कळायला एक छोटे गणित करा. समजा, १,००० चित्रांपैकी ९०० एका गटाची आहेत आणि त्यांत १ टक्का चुका होतात. म्हणजे ९ चुका. उरलेल्या १०० चित्रांत ३० टक्के चुका होतात. म्हणजे ३० चुका. एकूण चुका ३९, आणि अचूकता ९६.१ टक्के. ‘शंभरपैकी शहाण्णव!’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो. त्या ३० जणांना विचारले तर ते टाळ्या वाजवणार नाहीत. आता दुसरी बाजू पाहा. त्या काळी अशा प्रणाली तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन संग्रहांत उजळ वर्णाचे चेहरे ७९.६ आणि ८६.२ टक्के होते. अशा पेपरात नापास होणे कठीणच.

अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर या कंपन्यांनी आपल्या प्रणाली सुधारल्या. २०१९ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा चुका बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. जून २०२० मध्ये आयबीएमने चेहरे ओळखण्याची सर्वसाधारण प्रणाली विकणेच बंद केल्याचे जाहीर केले. एका विद्यार्थिनीच्या वर्गप्रकल्पातून हे सारे निघाले.

स्त्री की पुरुष हे ओळखणे आणि अमुक माणूस हाच, हे ओळखणे, ही दोन कामे वेगळी आहेत हे इथे सांगायला हवे. दुसऱ्या कामातही असाच फरक दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या, तेव्हा एका माणसाला चुकून दुसराच समजण्याचे प्रमाण पुष्कळ प्रणालींत आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांसाठी बरेच जास्त आढळले. त्याचा परिणाम काय होतो? जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थांना त्यांच्या घरासमोर, बायको व लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. दुकानातील घड्याळांच्या चोरीच्या एका धूसर चित्रफितीतला चेहरा यंत्राने त्यांच्या वाहन परवान्यावरील छायाचित्राशी जुळवला होता. सुमारे तीस तास ते कोठडीत होते. चोर दुसराच होता. पोलिसांनी यंत्राचे उत्तर नीट पडताळले नाही, ही त्यातली आणखी मोठी चूक.

मांजर, कुत्रा आणि सँडविच

‘हे सगळे मोठ्यांचे उद्योग, आम्ही शाळेत काय करणार?’ असे मनात आले असेल, तर पुढची हकिगत तुमच्याचसाठी आहे. २०१९ साली त्याच मीडिया लॅबने शाळेतल्या, साधारण पाचवी ते आठवीच्या वयाच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नीती यांवर एक पाठमाला तयार केली आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेत ती शिकवून पाहिली.

त्यातला एक पाठ मला फार आवडला. शेंगदाण्याचे लोणी आणि फळांचा मुरांबा लावलेले सँडविच तिकडच्या मुलांच्या डब्यात नेहमी असते. मुलांना सांगितले गेले, ‘सर्वांत चांगले सँडविच करण्याची पायरीवार कृती लिहा.’ मुले लिहितात. मग शिक्षक विचारतात, ‘चांगले म्हणजे काय?’ सर्वांत चवदार? सर्वांत पौष्टिक? की खाल्ल्यावर टेबल पुसावे लागत नाही ते? मुलाचे ‘चांगले’ वेगळे, आईचे वेगळे, दातांच्या डॉक्टरांचे वेगळे आणि मुरांबा विकणाऱ्याचे तर आणखीच वेगळे! मुले एक तक्ता आखतात : उभ्या रकान्यात या कृतीशी संबंध येणारी माणसे, आडव्यात त्यांना काय हवे ते. सँडविचऐवजी आपला पोळीभाजीचा डबा घ्या, तक्ता तसाच होईल. संगणकाला दिलेल्या प्रत्येक कृतीत कोणाचे तरी ‘चांगले’ लपलेले असते, हे असे डब्यातून कळते.

दुसऱ्या पाठात मुले संगणकाला मांजर आणि कुत्रा ओळखायला शिकवतात. नमुन्यांच्या गठ्ठ्यात मांजरांची चित्रे भरपूर व तऱ्हेतऱ्हेची, कुत्र्यांची थोडी आणि एकसारखी, असे मुद्दामच ठेवलेले असते. मुलांना हे सांगत नाहीत. यंत्र मांजरे झटपट ओळखते, कुत्र्यांपाशी गडबडते. का, ते मुलांनी शोधायचे आणि नवी चित्रे घालून गठ्ठा दुरुस्त करायचा. शेवटच्या प्रकल्पाला तर संगणकही लागत नाही. यूट्यूबचे पान नव्याने कसे असावे, याचा कागदावर आराखडा काढून तो वर्गापुढे मांडायचा. पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे कोणाच्या भल्यासाठी ठरते, पाहणाऱ्या मुलाच्या, पालकांच्या, जाहिरातदाराच्या की कंपनीच्या? प्रत्येक गटाला आपली निवड कारणांसह समजावून सांगावी लागते.

आपल्या देशात केंद्रीय मंडळाने २०१९-२० पासून नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. त्यात प्रकल्पाबरोबर नीतीचाही भाग आहे. माझी धास्ती एवढीच, की तो ‘पुढील प्रश्नाचे उत्तर पाच ओळींत लिहा’ इतपत उरेल. नीती पाठ करून कोणाला येत नाही; ती नमुने मोजताना येते.

तुमचा ‘ळ’ प्रकल्प

तर मग चला, करून पाहू या. गूगलचे ‘टीचेबल मशीन’ नावाचे एक विनामूल्य साधन आहे. त्यात एक ओळही प्रोग्राम न लिहिता चित्रांचे गट करून यंत्राला शिकवता येते, आणि तुम्ही स्वतः पाठवल्याशिवाय चित्रे तुमच्या संगणकाबाहेर जात नाहीत. शाळेतला कॅमेरा असलेला एखादा संगणक आणि इंटरनेट एवढे पुरे.

सगळी वर्णमाला घेऊ नका. ल, ळ, श आणि ९ एवढी चारच चिन्हे घ्या. ही चार का? ल, श आणि ९ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि ‘ळ’ची हकिगत तुम्ही वाचलीच. चौकोन आखलेले सारख्या आकाराचे कागद करा आणि तीस जणांकडून ही चिन्हे लिहून घ्या. इथेच खरी मेख आहे. वर्गातल्याच तीस जणांकडून लिहून घेणे सर्वांत सोपे. पण मग तुमचे यंत्र फक्त तुमच्या वर्गाचे होईल. तिसरीतले मूल, आजी, डावखुरा मित्र, हिंदी माध्यमात शिकलेले शेजारी, हात थरथरणारे कोणी, रोज वहीत हिशेब लिहिणारे दुकानदार, यांच्याकडे जा. काय करता आहात ते त्यांना सांगा आणि त्यांची संमती घ्या. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांचीही. कागदावर नाव लिहू नका. त्याऐवजी क्रमांक घाला आणि वयोगट, लिहिण्याचा हात, शाळेचे माध्यम एवढीच नोंद वहीत करा. मित्रमैत्रिणींच्या चेहऱ्यांचा प्रकल्प करण्याचा मोह होतो, तो माझ्या मते आवरावा. अक्षर परत घेता येते, एकदा पसरलेले छायाचित्र परत घेता येत नाही.

आता पाकिटे करा. तीसपैकी वीस जणांचे सर्व कागद ‘शिकवणी’च्या पाकिटात आणि दहा जणांचे ‘परीक्षे’च्या पाकिटात घाला. एकाच माणसाचे दोन कागद दोन पाकिटांत गेले तर परीक्षा फुटली असे समजा, कारण ते अक्षर यंत्राच्या ओळखीचे असते. प्रत्येक गटातले कोणीतरी परीक्षेच्या पाकिटात असेल असेही पाहा. चार चिन्हांखेरीज एक पाचवा खण ठेवा, ‘यांपैकी नाही’. त्यात रिकामा कागद, रेघोट्या, इतर अक्षरे अशी चित्रे घाला. याने यंत्राला सर्व अनोळखी गोष्टी कळतील असे नाही, पण निदान ‘नाही’ म्हणण्याची वाट तरी मिळेल.

परीक्षा झाली की एक टक्केवारी काढून थांबू नका. तक्ता करा : मुलांची अक्षरे किती चुकली, वृद्धांची किती, डावखुऱ्यांची किती, हिंदी वळणाचा ‘ल’ किती वेळा चुकला. दहाच माणसे असल्याने या आकड्यांवरून मोठे सिद्धान्त मांडता येणार नाहीत, पण कोठे गळते आहे ते दिसेल. त्या गटाचे आणखी नमुने आणून पुन्हा शिकवा, आणि परीक्षेसाठी नवी माणसे शोधा. मग सुधारले का? सुधारताना दुसरीकडे काही बिघडले का? वहीत दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहा. परीक्षक तुम्हाला ‘यंत्र किती हुशार आहे?’ असे विचारतील, तेव्हा आधी ते कोणाचे अक्षर ओळखत नाही ते सांगा. शिक्षकांनाही एक विनंती. गुण देताना ९९ टक्केवाल्या तक्त्यापेक्षा चुकांचा प्रामाणिक तक्ता थोडा वर ठेवावा.

आणि प्रदर्शनाच्या दिवशी काळे आजोबा आलेच, तर पेन त्यांच्या हाती द्या. त्यांचा ‘ळ’ ओळखला गेला तरी आणि नाही गेला तरी, तो कागद मागून घ्या. त्यावर ३१ हा क्रमांक घाला आणि परीक्षेच्या पाकिटात ठेवा.